अपंग तरुणांचा स्नेहाधिकार

पुत्र सोळा वर्षांचा झाला म्हणजे त्याला मित्राप्रमाणे वागवावे, हा उपदेश आपल्याकडे फार जुना आहे. परंतु तो पुत्र चाकांच्या खुर्चीत बसणारा असेल, किंवा ती कन्या अडखळत बोलणारी असेल, तर हा उपदेश घराच्या उंबरठ्यावरच अडतो. अशा मुलास औषध वेळेवर मिळते, जेवण मिळते, मायाही मिळते. मिळत नाही तो समवयस्क स्नेही. पुढे क्वचित त्याच्यासाठी स्थळ पाहिले जाते. पण त्याआधी त्याला एखाद्याशी गूज बोलावेसे वाटले असेल, कुणाची वाट पाहावीशी वाटली असेल, ही कल्पना घरातील वडीलमंडळींस शिवतही नाही.

ही उणीव अपंगत्वातून आपोआप उपजते की ती परिस्थितीने लादलेली असते, ह्या प्रश्नाचा उलगडा अमेरिकेतील एका शिबिराच्या इतिहासावरून उत्तम होतो. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस कॅट्सकिल नावाचे डोंगर आहेत. तेथे हंटर ह्या गावाजवळ १९५१ साली अपंग मुलांसाठी ‘जेनेड’ नावाचे उन्हाळी शिबिर निघाले व ते १९७७ पर्यंत चालले. तेथे औषधोपचाराचा बडेजाव नव्हता. पोहणे, चेंडूफळी, गाणेबजावणे आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा, एवढाच तेथील कार्यक्रम. मात्र दोन गोष्टी घरच्याहून वेगळ्या होत्या. एक म्हणजे उठविण्या-बसविण्यास आईऐवजी जवळपास समवयस्क असे तरुण साहाय्यक असत, व त्यांतील काही स्वतः अपंग असत. दुसरी म्हणजे तेथे टक लावून पाहणारे कुणी नसे. ज्याचे बोलणे सावकाश, त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत सारे थांबत.

एवढ्याने काय घडले? जे इतरत्र घडते तेच घडले. मैत्री जुळली, रुसवेफुगवे झाले, कित्येकांच्या आयुष्यातील पहिले प्रेम तेथे उमलले. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेला जेम्स लेब्रेक्ट १९७१ साली किशोरवयात तेथे गेला. पुढे निकोल न्यूनम हिच्यासह त्याने ह्या शिबिरावर ‘क्रिप कँप’ हा चित्रपट काढला व तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्या काळी घेतलेली चित्रे त्यात आहेत. एका प्रसंगी ही मुले वर्तुळ करून आईबापांच्या अतिकाळजीविषयी आणि एकांताच्या हक्काविषयी बोलताना दिसतात. एकांत ही इतरांस न मागता मिळणारी वस्तू; ह्यांना मात्र तिच्यासाठी वाद घालावा लागत होता.

नील आणि डेनीस जेकबसन ह्या दांपत्याची ओळख जेनेडचीच. दोघांनाही सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूस इजा झाल्याने स्नायूंवर पुरता ताबा न राहणे. लग्नाचा विचार कळताच नीलच्या घरून विचारणा झाली की, अपंगच मुलगी हवी असेल तर निदान पोलिओ झालेली का पाहू नये? अपंगांतही अशी उतरंड लावण्यात येते! तरीही ते लग्न झाले. दोघांनी एक मुलगा दत्तक घेतला आणि त्या मातृत्वाविषयी डेनीसने पुस्तक लिहिले.

ह्या स्नेहाचे फळ केवळ विवाहापुरते राहिले नाही. ज्यूडिथ ह्यूमन हिला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला आणि चाकाच्या खुर्चीमुळे आगीच्या प्रसंगी धोका होईल म्हणून शाळेने प्रवेश नाकारला. तीही जेनेडला जात असे. १९७७ च्या एप्रिलमध्ये तिच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक लोकांनी सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना अपंगांबाबत भेदभाव करण्यास बंदी करणारे नियम अखेर २८ एप्रिल रोजी मंजूर झाले. एकमेकांना उचलणे, भरविणे, धीर देणे हे त्यांतील कित्येकांच्या अंगवळणी पडले होते ते शिबिरातच.

मुलीचे मन दुखावेल, कुणी तिला फसवील, ही आईबापांची भीती खोटी नव्हे. पण मन दुखावणे हा वाढण्याचाच भाग आहे; आणि ज्या मुलीस शरीराविषयी शब्द दिले नाहीत, नाही म्हणण्याचा सराव दिला नाही, तिला फसविणे अधिक सोपे जाते. अज्ञान हे कवच नव्हे. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात अपंगांचा विवाहाचा व कुटुंबाचा अधिकार स्पष्ट नमूद आहे. भारताने तो करार २००७ साली मान्य केला. आणि २०१६ च्या भारतीय कायद्याने प्रजनन व कुटुंबनियोजन ह्यांविषयी योग्य माहिती अपंग व्यक्तींस मिळवून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली.

परंतु कायदा दिवाणखान्यात येऊन बसत नाही. तेथील काम घरच्यांचेच. मित्र किंवा मैत्रीण भेटीस आली म्हणजे चहा द्यावा आणि दार ओढून घेऊन बाहेर यावे. तिसऱ्या मजल्यावरून मुलास खाली नेण्याचा त्रास केवळ दवाखान्यासाठी न घेता एखाद्या मित्राच्या वाढदिवसासाठीही घ्यावा. आजवर जे हात केवळ सांभाळण्यासाठी पुढे झाले, त्यांनी थोडे मागे होण्यास शिकणे, हेही वात्सल्यच होय.