संगणक सुरू न होणे
कळ दाबूनही मेजावरील जुना संगणक कार्यान्वित न होणे. पंखा मुळीच फिरत नसल्यास दोष बहुधा वीजपुरवठ्यात असतो. पुरवठा-संचातून ३·३, ५ व १२ व्होल्ट दाब मिळावा लागतो. पंखा फिरूनही पडदा कोरा राहिल्यास, वीज तोडून रॅमची पट्टी काढावी व तिचे संपर्क खोडरबराने पुसावेत. धुळे जिल्ह्यातील साक्रीसारख्या गावी उन्हाळ्यात साचणारी धूळ पाहता नवा भाग घेण्याची घाई अनाठायी होय. इ. स. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक मदरबोर्डांवरील धारित्रे सदोष होती. त्यांचे माथे फुगलेले दिसतात. ३ व्होल्टचा घट संपल्यास घड्याळ चुकते, यंत्र मात्र सहसा चालते. पुरवठा-संच स्वतः उघडू नये. वीज तोडल्यावरही त्यातील धारित्रांत घातक विद्युत् भार राहू शकतो. यंत्र मोडीत देण्यापूर्वी हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून पाहावी. तीवरील नोंदी बहुधा शाबूत असतात.