भर उन्हातला फ्लॅश

गेल्या आठवड्यात दुरुस्ती करणाऱ्यानं माझा निकॉन डी७० परत दिला. शटर गेलंय आणि सुटे भाग आता मिळत नाहीत, म्हणाला. कासच्या सड्यावरची माझी दहा वर्षं त्या कॅमेऱ्यात होती.

त्याआधीच्या फिल्मच्या काळाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. माझ्या तेव्हाच्या कॅमेऱ्यात शटर आणि फ्लॅशची गाठ सेकंदाच्या साठाव्या, फार तर सव्वाशेव्या भागाला पडायची. उन्हात तेवढ्या वेळात फूलही हलायचं आणि माझा हातही.

२००४ साली डी७० आला. त्याचा फ्लॅश थेट १/५०० ला जुळत होता. आयएसओ २००, एफ १६ ठेवलं की ऊन सव्वा स्टॉपनं मागे सरायचं आणि पुढची जागा फ्लॅश भरून काढायचा. भर उन्हात फ्लॅश कशाला, असं लोक विचारत. उजेड तिथे भरपूर होता, मला हवा होता तो क्षण. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागात संपतो, तेवढ्यात वारा आणि हात दोन्ही थबकतात. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर लावला की दुपारच्या काळ्याकुट्ट सावल्याही मऊ होतात.

सप्टेंबरात जांभ्या दगडावर पालथं पडून सीतेची आसवं ही फुलं टिपायची. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट थेंबांवर अडकलेली माशी अजून पाय हलवत असायची. तिपाई मांडावी तर शेजारची चार झाडं चिरडायची, म्हणून कॅमेरा हातातच. दोन्ही कोपर जमिनीला, श्वास अर्धा सोडून मागेपुढे डोलत राहायचं, माशीचा डोळा धारदार दिसला की बटण.

एका स्पर्धेत परीक्षकांनी माझं चित्र बाजूला ठेवलं. फ्लॅशनं पार्श्वभूमी काळी पडते, हे खोटं छायाचित्रण आहे, असं ते म्हणाले. माझ्या चित्रातलं मागचं गवत हिरवंगार होतं आणि आभाळही दिसत होतं. पार्श्वभूमी काळी पडते ती ऊन पूर्ण मारल्यावर. मी ऊन सव्वा स्टॉपच मागे ठेवलं होतं. परीक्षकांचं म्हणणं मला आजही पटलेलं नाही.

पुढे डी९० आला, २००८ मध्ये. जुळणी १/२०० वर घसरली. त्याच आयएसओला, त्याच एफ १६ ला आता ऊनच पूर्ण एक्स्पोजर देऊ लागलं. फ्लॅशच्या धारदार प्रतिमेभोवती उन्हाची हललेली सावली उमटू लागली. हाय-स्पीड सिंक हा उपाय होता, पण त्यात फ्लॅश शटरभर लुकलुकत राहतो आणि ताकद पार खाऊन टाकतो. २०२३ मध्ये सोनीनं हव्या त्या वेगाला फ्लॅश जुळणारा कॅमेरा जाहीर केला. तो माझ्या आवाक्यात नाही.

खरी बोच वेगळीच आहे. आज फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेली दहा-वीस चित्रं जोडून एक करायची पद्धत रुळली आहे. वाऱ्यावर डोलणाऱ्या जिवाचं तसं चित्र जमत नाही, म्हणून फूल खुडून आणायचं, किडा फ्रिजमध्ये गारठवायचा. खाली मात्र अभिमानानं लिहायचं, ‘नैसर्गिक प्रकाश’. प्रकाश नैसर्गिक ठेवण्यासाठी जीवच अनैसर्गिक केला, याचं कुणालाच काही वाटत नाही.

माझी ती माशी जिवंत होती, जिथे होती तिथेच होती. फ्लॅश पडला आणि तिचा पाय पुन्हा हलला. डी७० मधलं ते शेवटचं चित्र मी जपून ठेवलंय.