जिल्हा बुडाला, पॅरिश उगवली

१ एप्रिल २०२३ रोजी इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या चारही जिल्हा परिषदा विसर्जित होऊन काउंटी कौन्सिलच एकमेव सॉमरसेट कौन्सिल बनली. तिथल्या टॉन्टन शहराला पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या तोडीची संस्था, नव्हतीच. ती त्याच दिवशी स्थापन झाली, टॉन्टन टाउन कौन्सिल या नावाने. ‘टाउन’ हा फक्त मान. कायद्याने ती पॅरिशच.

अशी पॅरिश स्थापण्याआधी ‘कम्युनिटी गव्हर्नन्स रिव्ह्यू’ होतो. त्याचा आधार २००७चा कायदा. मतदार अर्ज करूनही तो मागू शकतात. २,५०० हून अधिक मतदारांच्या भागात ७.५ टक्के सह्या पुरतात. मग हद्द, नाव, सदस्यसंख्या यांवर लोकांची मते मागवली जातात. पॅरिशमध्ये १,००० किंवा अधिक मतदार असतील तर कौन्सिल सक्तीची, आणि सदस्य किमान पाच.

खरी मेख पैशांत. पॅरिश आपला खर्च ‘प्रीसेप्ट’ म्हणून कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे घरांवरच्या स्थानिक करात, जोडते. मोठ्या परिषदांनी ठरावीक मर्यादेपलीकडे करवाढ केली तर सार्वमत घ्यावे लागते. पॅरिशला ही अट आजवर लावलेली नाही. त्यामुळे बागा, स्वच्छतागृहे खाली सोपवण्याचा मोह वरच्यांना होतोच.