जलजीवालयाचे जैव परिपक्वन

माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे कमी अपायकारक पदार्थांत रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंची पुरेशी वाढ नव्या जलजीवालयात मासे सोडण्यापूर्वीच घडवून आणण्याच्या क्रियेस जैव परिपक्वन म्हणतात. घरगुती जलजीवालयात पहिल्या महिन्यात होणाऱ्या माशांच्या मृत्यूचे हे परिपक्वन न होणे हे एक प्रमुख कारण आहे. टाकीतील पाणी नितळ दिसते, मासे धडधाकट असतात, अन्नही वेळेवर दिले जाते. तरीही एकदोन आठवड्यांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि एकामागून एक मरतात. पाणी खराब झाले असे समजून टाकी, वाळू व गाळणी स्वच्छ धुऊन पुन्हा भरली जाते आणि तोच प्रकार पुन्हा घडतो. वस्तुतः दोष पाण्याच्या अस्वच्छतेत नसून टाकीच्या नवेपणात असतो. धुण्यामुळे ती पुन्हा नवी होते, एवढेच.

रासायनिक पार्श्वभूमी : मासे अन्नातील प्रथिनांच्या चयापचयातून निर्माण होणारा नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात क्लोमांवाटे (कल्ल्यांवाटे) बाहेर टाकतात. न खाल्लेले अन्न, विष्ठा व कुजणारी पाने यांपासूनही अमोनिया तयार होतो. तलावात किंवा नदीत पाण्याचे आकारमान मोठे असते आणि चिखल, दगड व वनस्पती यांवर सूक्ष्मजंतूंची वस्ती असते. त्यामुळे अमोनिया साचत नाही. काचेच्या टाकीत मात्र तो कोठेही वाहून जाऊ शकत नाही.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो : मुक्त अमोनिया व अमोनियम आयन. पहिला अत्यंत विषारी, तर दुसरा त्या मानाने सौम्य असतो. त्यांचे परस्पर प्रमाण पाण्याच्या पीएच मूल्यावर व तापमानावर अवलंबून असते. २५° से. तापमानास पीएच मूल्य ७ असल्यास एकूण अमोनियापैकी सु. ०.६ टक्के मुक्त रूपात असतो. पीएच मूल्य ८ झाल्यास हे प्रमाण सु. ५ टक्के होते. म्हणून अमोनियाचे एकूण प्रमाण तेच असूनही एका टाकीतील मासे तगतात व दुसऱ्या टाकीतील मरतात. मुक्त अमोनियाचे प्रमाण प्रतिलिटर काही शतांश मिग्रॅ. इतके अल्प असले, तरी दीर्घकाळ संपर्कात क्लोमांना इजा होते.

अमोनियाचे ऑक्सिडीभवन दोन टप्प्यांत होते. पहिल्यात त्याचे नायट्राइट व दुसऱ्यात नायट्राइटाचे नायट्रेट बनते. या क्रियेस नायट्रीकरण म्हणतात [→ नायट्रोजन]. मधल्या टप्प्यातील नायट्राइटही विषारी असते. ते क्लोमांवाटे रक्तात शिरून हीमोग्लोबिनाचे मेथहीमोग्लोबिनात रूपांतर करते. मग पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो व त्याचे रक्त तपकिरी दिसते. पाण्यातील क्लोराइड आयनांमुळे नायट्राइटाच्या शोषणास अडथळा होतो. अंतिम पदार्थ असलेले नायट्रेट बऱ्याच प्रमाणात साचेपर्यंत मासे सहन करू शकतात.

इतिहास : वनस्पती व प्राणी एकत्र ठेवून टाकीतील पाण्याचा समतोल राखता येतो, हे रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १८५० मध्ये सुवर्णमत्स्य, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी यांच्या साहाय्याने दाखविले. त्यांचे स्पष्टीकरण मुख्यतः ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या देवघेवीपुरते होते. नायट्रोजनाचा उलगडा नंतर झाला. १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लेझिंग व म्यूंट्स यांनी वाळू व चुनखडीच्या थरातून सांडपाणी पाझरवून नायट्रीकरण ही सजीवांकडून होणारी क्रिया असल्याचे सिद्ध केले. क्लोरोफॉर्माची वाफ सोडताच ती थांबली. तिचे दोन टप्पे वेगवेगळ्या जीवांकडून होतात, हे दाखविणाऱ्या संशोधकांत वरील वॉरिंग्टन यांचे त्याच नावाचे पुत्र होते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे त्यांनी शेतजमिनीच्या संदर्भात हे काम केले. १८९० मध्ये सर्ग्येई विनोग्राड्स्की यांनी हे सूक्ष्मजंतू वेगळे करण्यात यश मिळविले.

अमोनियाचे ऑक्सिडीभवन नायट्रोसोमोनास व नायट्राइटाचे ऑक्सिडीभवन नायट्रोबॅक्टर प्रजातीतील सूक्ष्मजंतू करतात, असे दीर्घकाळ मानले जात होते. गोड्या पाण्याच्या जलजीवालयांत दुसरे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा प्रजातीसारखे सूक्ष्मजंतू करतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. २००५ मध्ये सिअ‍ॅटल येथील जलजीवालयाच्या सागरी टाकीतून अमोनियाचे ऑक्सिडीभवन करणारा आर्किया गटातील सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला, तर २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणाऱ्या नायट्रोस्पायरांचा शोध प्रसिद्ध झाला.

कालावधी : हे सूक्ष्मजंतू सेंद्रिय अन्नावर जगत नाहीत, अमोनियाच्या किंवा नायट्राइटाच्या ऑक्सिडीभवनातून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर ते वाढतात. त्यामुळे कुजविणारे सूक्ष्मजंतू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, तेथे यांना अनुकूल परिस्थितीतही सु. ८ तासांपासून एक दिवसाहून अधिक काळ लागतो. पहिल्या आठवड्यात पाण्याला येणारा दुधाळपणा बहुधा कुजविणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा असतो. तो गेला म्हणजे टाकी तयार झाली असे नव्हे. नायट्रीकारक सूक्ष्मजंतू मुख्यतः पाण्यात तरंगत नसून गाळणीतील स्पंज, वाळू, दगड व काच यांच्या पृष्ठभागावर पातळ थर करून राहतात. म्हणून जुन्या टाकीतील केवळ पाणी आणून विशेष उपयोग होत नाही. तिच्या गाळणीतील स्पंज मात्र उत्तम विरजणाचे काम करतो. विरजण नसल्यास २५° ते २८° से. तापमानास परिपक्वनास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात.

पद्धती : पूर्वी काटक मासे सोडून टाकी परिपक्व करण्याचा प्रघात होता. त्यात मासे अमोनिया व नायट्राइट या दोहोंच्या विषबाधेतून जातात. जे वाचतात त्यांच्या क्लोमांनाही इजा झालेली असू शकते. माशांऐवजी बाहेरून अमोनिया पुरविणे हा मार्ग अधिक योग्य होय.

प्रथम टाकी भरून नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकतात, कारण तो सूक्ष्मजंतूंनाही मारक असतो. पाण्यातून २४ तास हवा सोडल्यास किंवा सोडियम थायोसल्फेट (हायपो) वापरल्यास क्लोरीन जातो. क्लोरामीन मात्र पाणी नुसते ठेवून जात नाही. गाळणी व हवापंप अखंड चालू ठेवतात. नंतर एकूण अमोनिया प्रतिलिटर सु. २ मिग्रॅ. होईल इतके शुद्ध अमोनियम क्लोराइड (नवसागर) घालतात. ६ ग्रॅ. नवसागर १ लि. पाण्यात विरघळवून त्यातील १०० मिलि. विद्राव १०० लि. पाण्यास पुरतो. कल्हईसाठी मिळणाऱ्या नवसागरात धातूंची लवणे असू शकतात. तो वापरू नये.

अमोनिया व नायट्राइट यांचे प्रमाण रंगबदलावर आधारित चाचणी-संचाने दर दोनतीन दिवसांनी मोजतात. प्रथम अमोनिया घटू लागतो व नायट्राइट वाढते. १ मिग्रॅ. अमोनियापासून सु. २.७ मिग्रॅ. नायट्राइट बनत असल्याने त्याचा आकडा मूळ अमोनियाहून मोठा येणे स्वाभाविक आहे. अमोनिया संपत आल्यावर पुन्हा तेवढीच मात्रा देतात. पुढे नायट्राइटही उतरते व नायट्रेट साचते. २ मिग्रॅ. प्रतिलिटर अमोनिया घातल्यापासून २४ तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यास टाकी परिपक्व झाली असे समजतात. मग नायट्रेट कमी करण्यासाठी बहुतेक पाणी बदलून मासे थोडेथोडे सोडतात. सूक्ष्मजंतूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणात राहते. म्हणून परिपक्व टाकीतही एकदम जास्त मासे सोडणे धोक्याचे असते. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या जोमदार वनस्पती अमोनियम आयन शोषून घेत असल्याने भरपूर वनस्पती असलेल्या टाकीत धोका कमी असतो.

खंड पडण्याची कारणे : नायट्रीकरणात दर १ मिग्रॅ. अमोनियारूप नायट्रोजनामागे सु. ४.६ मिग्रॅ. ऑक्सिजन खर्च होतो व पाण्यातील बायकार्बोनेटेही घटतात. कोकणातील जांभ्या खडकाच्या प्रदेशातील पाण्यात ती मुळातच कमी असतात. अशा सुफेन (मऊ) पाण्याचे पीएच मूल्य ६.५ च्या खाली घसरून क्रिया मंदावू शकते. गाळणीत शिंपल्यांचा चुरा ठेवल्यास हा दोष दूर होतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन (जड) असल्याने तेथे ही अडचण क्वचित येते. मात्र त्याचे पीएच मूल्य अधिक असल्यास मुक्त अमोनियाचे प्रमाण वाढते. वीजपुरवठा बराच वेळ खंडित झाल्यास बंद गाळणीतील सूक्ष्मजंतू ऑक्सिजनाअभावी मरू लागतात. अशा वेळी स्पंज काढून टाकीच्या मोकळ्या पाण्यात ठेवावा व माशांचे अन्न थांबवावे.

परिपक्व टाकीतील दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलल्याने सूक्ष्मजंतूंचे नुकसान होत नाही, कारण ते पृष्ठभागांवर असतात. गाळणीचा स्पंज मात्र क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. त्यावरील तपकिरी लेप मळासारखा दिसत असला, तरी माशांचे जीवित त्यावरच अवलंबून असते.