तीन मिनिटांचं गाणं आणि चार मित्र

मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना वाटेतल्या एका रेल्वे स्टेशनवर त्यांनी देह ठेवला आणि त्यांना मिरजेला आणलं गेलं. त्यांची मैफल प्रत्यक्ष ऐकलेलं माणूस आज भेटणं कठीण. तो आवाज आपल्यापर्यंत आला तो लाखेच्या काळ्या तबकडीतून. आणि तबकड्या टिकल्या त्या मित्रांना घरी बोलावून प्रेमानं रेकॉर्ड लावणाऱ्या माणसांमुळे.

चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही. चावी दिली की स्प्रिंग ताणली जाते, गव्हर्नर तिचा वेग आवरतो आणि तबकडी मिनिटाला साधारण ७८ फेरे घेऊ लागते. खाचेतून जाताना सुई थरथरते, ती थरथर साउंडबॉक्समधल्या अभ्रकाच्या पातळ चकतीपर्यंत पोचते आणि कर्ण्यातून सूर बाहेर पडतो. तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी आणि काजळीही असते, त्यामुळे पोलादी सुई लवकर झिजते. एक-दोन बाजू झाल्या की ती बदलायची, नाहीतर बोथट टोक खाच खरवडून काढतं. म्हणून अशा बैठकीत एकाच्या हाती चावी, दुसऱ्याकडे सुयांची डबी आणि तिसऱ्याकडे धूळ पुसायचं मऊ फडकं, अशी कामं आपसूक वाटली जातात.

हिंदुस्थानात तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्गनं गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं आणि तबकड्या छापून आल्या जर्मनीतल्या हॅनोवरहून. लाख बहुतांशी इथूनच तिकडे जायची. गाणं संपता संपता गायक स्वतःचं नाव पुकारत, ते तिकडच्या कामगारांना कोण गातंय ते कळावं म्हणून. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदाला तबकड्यांचा कारखाना निघाला, पण नाव पुकारण्याची रीत पुढेही काही काळ चालू राहिली.

दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. तासभर राग मांडणाऱ्या गायकाला तेवढ्यात आलाप, बंदिश आणि तान बसवावी लागे. खाँसाहेबांची अगदी सुरुवातीची मुद्रणं आणि १९३० च्या दशकातल्या ओडियनच्या तबकड्या एकापाठोपाठ ऐकाव्यात. पहिल्या वेळी कर्ण्यात तोंड घालून गावं लागलं, दुसऱ्या वेळी मायक्रोफोन होता. त्यामुळे नंतरच्या मुद्रणात त्यांच्या आवाजातला हळुवारपणा खुलून येतो. गदगच्या भीमसेन जोशींना लहानपणी गाण्याचं वेड लागलं ते खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकूनच.

बाजू संपली की बोलणं सुरू होतं, आणि माझ्या मते बैठकीचा खरा जीव त्या बोलण्यात आहे. जुन्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ च्या वेगाच्या नसत. वेग चुकला की स्वर चढतो किंवा उतरतो. कुणीतरी पेटीवर षड्ज धरून म्हणतं, ‘बुवांची पट्टी ही नव्हे, जरा सावकाश लाव.’ गव्हर्नरचा स्क्रू किंचित फिरतो आणि गाणं जागेवर येतं. ही दुरुस्ती यंत्राला कळत नाही. ती जाणत्या कानालाच जमते.

मिरज-सांगलीच्या या मातीत तर पुढची रेकॉर्ड कुठली लावायची हा प्रश्नच पडू नये. खाँसाहेबांनंतर त्यांची लेक, १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर. मग ‘मानापमान’मधलं एखादं पद: नाटककार खाडिलकर सांगलीचे आणि भामिनीच्या भूमिकेतले बालगंधर्व नागठाण्याचे. लावणीकडे वळलं तर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. कृष्णेच्या वरच्या अंगाला सातारा जिल्ह्यात गेलं की वाईच्या यमुनाबाई वाईकर आणि वाईजवळच्याच पसरणीचे शाहीर साबळे. पुढे लाँग प्ले आल्यावर मिरजेच्या संगीतकार राम कदमांच्या ‘पिंजरा’ चित्रपटाची गाणीही घरोघरी वाजली.

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’नं हीच रीत संस्थेच्या रूपात आणली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकण्याच्या बैठका घेतल्या आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून तबकड्यांचे क्रमांक, कलाकार, इतिहास नोंदवून ठेवला. त्या नोंदींचं मोल आपल्या भागाला जास्त कळावं. २००५ आणि २०१९ साली कृष्णेचं पाणी सांगलीत घरांत शिरलं. पाण्यानं कागदी पाकीट सडतं, लेबल सुटतं. उरते निनावी तबकडी. लेबलाजवळ लाखेत उठलेला क्रमांक आणि आवाज ओळखणारा मित्र, हे दोघं मिळूनच तिला तिचं नाव परत देतात.

मोबाइलवर आज हजारो जुनी गाणी आहेत, त्याचा आनंदच आहे. पण चुकीचा वेग, चुकीचं नाव तिथं तसंच फिरत राहतं, कारण शेजारी बसून हटकणारं कुणी नसतं. माळ्यावर तबकड्या असतील तर खाली काढा, आडव्या थप्प्या न रचता उभ्या ठेवा, लेबलावरची अक्षरं वहीत उतरवा. आणि ज्यांना त्या गाण्यांच्या गोष्टी माहीत आहेत, त्या जुन्या मित्रांना या रविवारीच बोलवा.