राखीव बाकाचा हंगाम

३१ मार्च २०२३. डॅलसमध्ये अमेरिकी महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलची उपांत्य लढत रंगली होती. एकीकडे गतविजेता आणि सलग ४२ सामने जिंकलेला साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ, दुसरीकडे आयोवा विद्यापीठ. साउथ कॅरोलायनाची रेव्हन जॉन्सन चेंडू घेऊन तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळी उभी होती. तिला अडवायचे काम आयोवाच्या केटलिन क्लार्ककडे होते. क्लार्कने हात झटकला आणि ती बास्केटकडे निघून गेली. मार हवी तर, कोण अडवतंय तुला! काही सेकंदांची ती चित्रफीत पुढे कित्येक आठवडे समाजमाध्यमांवर फिरली आणि रेव्हनची यथेच्छ टिंगल झाली.

हात झटकण्यामागे उद्धटपणापेक्षा हिशोब अधिक होता. साउथ कॅरोलायनाच्या खेळाडू उंच आणि दणकट होत्या. बास्केटखाली त्यांच्याशी कुणाची टाप नव्हती, पण लांबून नेम कच्चा. म्हणून आयोवाने बास्केटखाली गर्दी केली आणि बाहेरच्या मुली मोकळ्या सोडल्या. त्या रात्री साउथ कॅरोलायनाच्या तीन गुणांच्या २० फेकांपैकी अवघ्या ४ आत गेल्या. क्लार्कने एकटीने ४१ गुण केले. निकाल ७७–७३. हंगामातले ३६ सामने जिंकलेला संघ सदतिसावा हरला आणि घरी परतला.

घरी परतला आणि विस्कटलाही. महाविद्यालयीन खेळाचा हा नियमच आहे: चार वर्षे भरली की खेळाडू जाते. सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्या पाचही जणी एकदम गेल्या. त्या वर्षीच्या संघातल्या पाच मुलींना डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगमधल्या संघांनी निवडले. आलिया बॉस्टन तर संपूर्ण निवडीत पहिली होती. मागे उरल्या त्या आदल्या वर्षी बाकावर बसलेल्या, नुकत्याच शाळेतून आलेल्या आणि दुसऱ्या विद्यापीठातून बदलून आलेल्या मुली. त्यांचा अल्लडपणा पाहून प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी या संघाला थट्टेने पाळणाघर म्हटले. हंगामापूर्वी असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत साउथ कॅरोलायनाला सहावे स्थान मिळाले; ते तेव्हा कुणाला अन्यायाचे वाटले नाही.

पाच महिन्यांनी हिशोब झाला तेव्हा या पाळणाघराच्या नावावर ३८ सामने आणि ३८ विजय होते. १९८२ पासून चालू असलेल्या, एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या महिला स्पर्धेच्या इतिहासात एकही सामना न हरता विजेतेपद मिळवण्याची ही फक्त दहावी वेळ. त्यातल्या सहा वेळा एकट्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या. टेक्सास, टेनेसी आणि बेलर यांनी ते प्रत्येकी एकदा साधले होते.

हे घडले कसे, हे समजून घ्यायचे तर आधी स्टेली यांच्याकडे पाहायला हवे. फिलाडेल्फियाच्या रेमंड रोझेन या सरकारी वसाहतीत वाढलेली, जेमतेम साडेपाच फूट उंचीची ही मुलगी मुलांबरोबर खेळून खेळ शिकली. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळली, १९९६, २००० आणि २००४ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. अथेन्सच्या उद्घाटन सोहळ्यात अमेरिकेचा ध्वज तिच्या हाती होता. २००८ मध्ये त्या टेंपल विद्यापीठ सोडून साउथ कॅरोलायनाच्या प्रशिक्षक झाल्या. पहिल्या हंगामात संघाने १० सामने जिंकले आणि १८ हरले.

विद्यापीठ आहे ते कोलंबियात, साउथ कॅरोलायना राज्याच्या राजधानीत. राज्यात ना एनबीएचा संघ, ना डब्ल्यूएनबीएचा. जे काही प्रेम आहे ते विद्यापीठाच्या संघांवर, आणि तेही प्रामुख्याने अमेरिकन फुटबॉलवर. त्या शहरात १८ हजार आसनांचे क्रीडागृह महिला बास्केटबॉलसाठी भरू लागले. २०१४–१५ पासून प्रेक्षकसंख्येत साउथ कॅरोलायनाने देशात पहिले स्थान धरून ठेवले. याच गावाजवळच्या हॉपकिन्सची एजा विल्सन स्टेलींकडे आली आणि २०१७ मध्ये विद्यापीठाला पहिले विजेतेपद मिळाले. २०२१ मध्ये विल्सनचा पुतळा क्रीडागृहासमोर उभा राहिला, तेव्हा तिने आजीची आठवण सांगितली. आजीच्या लहानपणी कृष्णवर्णीयांना या विद्यापीठाच्या आवारातून चालण्याचीही मुभा नव्हती. विसाव्या शतकात विद्यापीठाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो १९६३ मध्ये.

स्टेली हा इतिहास विसरत नाहीत. १९९९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या कॅरोलिन पेक या अशा पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक. विजेता संघ बास्केटची जाळी कापून घेतो, ही तिथली रीत. पेक यांनी आपल्या जाळीचा तुकडा स्टेलींना दिला होता, तुम्ही जिंकलात की परत करा, या बोलीवर. २०१७ च्या विजेतेपदाची आपली जाळी कातरून स्टेलींनी पुढे देशभरातल्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षकांना तिचे तुकडे पाठवले.

तर २०२३ च्या उन्हाळ्यात स्टेलींपुढे कामे दोन होती. नेम सुधारणे आणि माणसे उभी करणे. नेमासाठी ऑरेगन विद्यापीठातून टे-हिना पाओपाओ आली. तिने त्या हंगामात तीन गुणांच्या ४६.८ टक्के फेका साधल्या. देशात तेवढा अचूक नेम कुणाचाच नव्हता. बास्केटखाली बॉस्टनच्या जागी कमिला कार्डोसो उभी राहिली. ब्राझीलच्या मोंतेस क्लारोसची ही सहा फूट सात इंच उंचीची मुलगी पंधराव्या वर्षी घर सोडून अमेरिकेत शिकायला आली होती. आदल्या वर्षी ती बॉस्टनमागे राखीव होती आणि त्या भूमिकेतच तिने साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, या विद्यापीठांच्या गटातली सर्वोत्तम राखीव खेळाडू हा किताब मिळवला होता. सुरुवातीच्या पाचात तिच्या आणि पाओपाओच्या जोडीला ब्री हॉल, क्लोई किट्स आणि रेव्हन.

पहिला सामना ६ नोव्हेंबर २०२३ ला थेट पॅरिसमध्ये नोत्र दामविरुद्ध झाला. १००–७१ असा तो जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिली मिलेशिया फुलविली. कोलंबियातलीच ही मुलगी विद्यापीठाकडून पहिलाच सामना खेळत होती. चेंडू घेऊन ती मैदानाच्या एका टोकापासून धावत सुटली, ऐन बास्केटपाशी चेंडू पाठीमागून दुसऱ्या हातात घेतला आणि बास्केट केली. मॅजिक जॉन्सनसारख्या एनबीएतल्या दिग्गजाने तिचे जाहीर कौतुक केले. आठवडाभरात मेरीलँडचा ११४–७६ असा फडशा पडला आणि संघ सहाव्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर गेला. तिथून तो हंगाम संपेपर्यंत हलला नाही.

एवढी गाजलेली फुलविली मात्र सुरुवातीच्या पाचात नव्हती. ती बाकावरून यायची. तिच्यासोबत मिनेसोटाची टेसा जॉन्सन, ॲशलिन वॉटकिन्स आणि सानिया फीगिन. बास्केटबॉलमध्ये पाच जणी खेळतात, सामना ४० मिनिटांचा, आणि बदल हवे तितके करता येतात. बहुतेक प्रशिक्षक महत्त्वाच्या सामन्यात सात जणींवर भागवतात. स्टेली नऊ-नऊ जणींना आलटून पालटून खेळवत. प्रतिस्पर्धी दमलेले असत तेव्हा समोर ताज्या दमाची फळी उभी राही. कार्डोसोची सरासरी संघात सर्वाधिक होती, तरी ती १४.४ गुणांवर थांबली. त्याच हंगामात क्लार्क सामन्यामागे ३१.६ गुण करत होती.

कुणावाचून अडत नाही, याची परीक्षाही झाली. फेब्रुवारीत कार्डोसो ब्राझीलकडून ऑलिंपिक पात्रता सामने खेळायला बेलें शहरात गेली. तिच्याशिवाय संघ खेळला आणि जिंकला.

म्हणून सगळे सामने एकतर्फी झाले असे मात्र नाही. ९ मार्च २०२४ ला एसईसी स्पर्धेच्या उपांत्य फेरीत टेनेसीविरुद्ध २३ गुणांची आघाडी हातची गेली. शेवटचा १.१ सेकंद उरला तेव्हा संघ ७१–७३ असा मागे. चेंडू आला कार्डोसोकडे, आणि तीही तीन गुणांच्या रेषेबाहेर. महाविद्यालयीन कारकिर्दीत तिने तिथून एकही बास्केट केली नव्हती. तिने फेकलेला चेंडू फळ्यावर आपटला आणि आत पडला. ७४–७३.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेट विद्यापीठाला (एलएसयू) ७९–७२ असे हरवताना शेवटी धक्काबुक्की झाली. एलएसयूच्या खेळाडूला ढकलल्याबद्दल कार्डोसोला बाहेर काढले गेले आणि एनसीएए स्पर्धेच्या पहिल्या सामन्यासाठी तिच्यावर बंदी आली. स्टेलींनी मैदानावरूनच दूरचित्रवाणीवर माफी मागितली. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली फुलविली, बाकावरून येणारी. कार्डोसोविना झालेला प्रेस्बिटेरियन कॉलेजविरुद्धचा सामना संघाने ९१–३९ असा जिंकला. पुढे इंडियानाने २२ गुणांची पिछाडी जवळजवळ भरून काढली होती; तो सामना ७९–७५ असा निसटता सुटला. उपांत्य फेरीत नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध मध्यंतराला जेमतेम एका गुणाची आघाडी होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये साउथ कॅरोलायनाने २९ गुण केले, प्रतिस्पर्ध्यांनी ६. राखीव वॉटकिन्सने त्या सामन्यात २० रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फेकांनंतरचे चेंडू, घेतले.

७ एप्रिल २०२४, क्लीव्हलंड. अंतिम सामन्यात समोर पुन्हा आयोवा आणि पुन्हा क्लार्क. एव्हाना क्लार्क पुरुष-महिला दोन्ही मिळून अव्वल विभागाच्या महाविद्यालयीन इतिहासात सर्वाधिक गुण करणारी खेळाडू झाली होती. पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा विक्रम तिने महिनाभरापूर्वीच मोडला होता. आयोवाने १०–० अशी सुरुवात केली. पहिल्या दहा मिनिटांत क्लार्कचे एकटीचे १८ गुण झाले. मग तिला अडवायचे काम रेव्हनने अंगावर घेतले. आधीच्या वर्षी जिला मोकळे सोडले होते, तिने क्लार्कला श्वास घ्यायला जागा दिली नाही. उरलेल्या तीस मिनिटांत क्लार्कला १२ गुण मिळाले.

बाकीचे काम बाकाने केले. बदली म्हणून आलेल्या टेसा जॉन्सनचे १९ गुण संघात सर्वाधिक ठरले. कार्डोसोने १५ गुण आणि १७ रिबाउंड मिळवले. रिबाउंडमध्ये साउथ कॅरोलायना ५१, आयोवा २९. आणि दोन्ही संघांतला फरक उघडा करणारा आकडा राखीव खेळाडूंचा होता: साउथ कॅरोलायनाच्या राखीव मुलींनी ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव खेळाडूंनी शून्य. सामना ८७–७५ असा संपला. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अव्वल विभागात, पुरुषांत असो वा महिलांत, अपराजित हंगाम खेळलेल्या संघाच्या स्टेली या पहिल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरल्या. जिंकल्यावर त्यांनी क्लार्कचे आभार मानले, खेळाला उंचीवर नेल्याबद्दल.

ते आभार उपचाराचे नव्हते. तो सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८७ लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांचा अंतिम सामना १ कोटी ४८ लाखांनी. महिलांच्या अंतिम सामन्याला पुरुषांपेक्षा जास्त प्रेक्षक लाभण्याची ही पहिलीच वेळ. तीनच वर्षांपूर्वी, २०२१ मध्ये, याच स्पर्धेसाठी सान अँटोनियोत आलेल्या महिला संघांना मात्र व्यायामासाठी डंबेल्सची एक छोटी मांडणी देण्यात आली होती आणि पुरुषांना भलेमोठे सुसज्ज दालन. एका खेळाडूने चित्रफीत काढून ते चव्हाट्यावर आणले, तेव्हा एनसीएएला माफी मागावी लागली. पुरुषांच्या स्पर्धेचे ‘मार्च मॅडनेस’ हे नाव महिलांच्या स्पर्धेला मिळाले तेही २०२२ पासून.

क्लीव्हलंडला आलेली गर्दी मुख्यतः क्लार्कला पाहायला आली होती, हे मान्य केले पाहिजे. खेळाला प्रेक्षक मिळवून देते ती एक मोठी तारका. पण अडतीस सामने न हरण्यासाठी लागते ते वेगळेच, आणि त्या वर्षी ते साउथ कॅरोलायनाकडे होते. असोसिएटेड प्रेसने त्या हंगामातल्या देशातल्या सर्वोत्तम पाच खेळाडू निवडल्या, तेव्हा त्या पहिल्या पाचात या अपराजित संघातली एकही मुलगी नव्हती.