भारताच्या खर्चाने शिकलेले

15 सप्टेंबर 1964 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘आयटेक’ला, म्हणजे भारतीय तांत्रिक आणि आर्थिक सहकार्य कार्यक्रमाला, मंजुरी दिली तेव्हा देशात धान्याची ओरड होती. पीएल-480 या अमेरिकन अन्नमदत कायद्याखाली आलेला गहू बंदरात उतरला की रेशनची दुकानं चालायची. अशा वेळी आशिया-आफ्रिकेतल्या लोकांना विमानाचं तिकीट, राहणं-जेवण आणि वर हातखर्च देऊन शिकायला बोलवायचं, म्हणजे ‘घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा’ यातलीच गत. पण हिशेब चुकीचा नव्हता. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना हवी होती हाताखालची शिकलेली माणसं; आपल्याकडे पैसा नव्हता, संस्था होत्या. आजवर 160 हून अधिक देशांतले दोन लाखांवर लोक या वाटेने येऊन गेले आहेत.

लष्करी शिक्षण त्याहून जुनं. भूतानमध्ये आपलं प्रशिक्षण पथक 1962 पासून आहे. नायजेरियाचे ओलुसेगुन ओबासान्जो 1965 मध्ये आधी तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात आणि मग पुण्यात लष्करी अभियांत्रिकी शिकायला होते. जानेवारी 1966 मध्ये मायदेशी परतले, तर तिथे बंड सुरू! पुढे त्यांच्याही हाती सत्ता आली आणि 1979 मध्ये त्यांनी ती निवडून आलेल्या सरकारच्या स्वाधीन केली. ते सरकार 1983 च्या अखेरीस उलथलं. त्या बंडानंतर लष्करी राजवटीचे प्रमुख झाले मुहम्मदू बुहारी, तेही वेलिंग्टनचेच, 1973 चे. एकाच कॉलेजातून निघालेले हे दोघं. कवायत, नकाशे, पूल बांधणं शिकवता येतं. सत्ता कधी सोडायची, हे कुठल्याच अभ्यासक्रमात बसत नाही.

मला विचाराल तर या साऱ्या खटाटोपातलं सर्वांत शहाणपणाचं काम राजस्थानात तिलोनियाला झालं. बंकर रॉय यांच्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतल्या खेड्यांतून आलेल्या, बहुतेक निरक्षर, प्रौढ बायका आयटेकच्या मदतीने सहा महिने सौर दिवे जोडायला शिकत. तरुण पोरं प्रमाणपत्र हातात पडलं की शहर गाठतात, आज्या गावातच राहतात, हे रॉय यांचं साधं गणित. टेबलाभोवती बसलेल्यांत कुणी फ्रेंच बोलणारी, कुणी स्वाहिली. शिकवणाऱ्या गावच्याच बायका. मग सर्किटचे भाग रंगांवरून ओळखायचे, बाकी सगळं खाणाखुणांनी. हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी, समोर उघडा दिवा.

सुरक्षेच्या बाजूचा कस लागला तो 15 ऑगस्ट 2021 ला, काबूल पडलं तेव्हा. आपल्या अकादम्यांतून तयार झालेल्या अफगाण तरुणांना आता परतायला सैन्यच उरलं नाही. त्याच महिन्याच्या 31 तारखेला दोहामध्ये भारताच्या राजदूतांनी तालिबानची पहिली जाहीर भेट घेतली. समोर होते शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीत शिकलेले! परराष्ट्र खात्याला ही ओळख उपयोगी पडली असेलही. अडकलेल्या 80 अफगाण तरुणांसाठी मात्र 2022 मध्ये आयटेकमधून वर्षभराचा अभ्यासक्रम काढावा लागला. विषय होता इंग्रजी.